‘चांगला आहे, पण बघवला नाही’ : घरगुती अभिप्रायाची भाषा

चित्रपट पाहून झाल्यावर घरातील माणसे जे बोलतात त्यास समीक्षा म्हणण्याचा प्रघात मराठीत नाही. वृत्तपत्रातले परीक्षण, नियतकालिकातला लेख, परिसंवादातला निबंध हे सर्व समीक्षेत मोडते. आणि जेवणाची ताटे उचलता उचलता ‘बरा होता, पण शेवट काही पटला नाही’ असे जे कोणी म्हणते ते नुसते बोलणे ठरते. हा भेद मुख्यतः स्थळाचा आणि छपाईचा आहे, विचाराचा नाही, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. घरगुती अभिप्राय उथळ असतो, ऐकीव असतो, दुसऱ्या दिवशी बदलतो, हे आक्षेप खोटे नाहीत. परंतु ते बऱ्याच छापील परीक्षणांवरही घेता येतात. उलट, छापील परीक्षणाला क्वचितच साधणारी एक गोष्ट या बोलण्याजवळ असते : कलाकृतीविषयी बोलणे निराळे आणि कलाकृतीशी जडलेल्या आपल्या संबंधाविषयी बोलणे निराळे, हे त्याला पक्के ठाऊक असते.

‘चांगला आहे, पण बघवला नाही’ हे वाक्य या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. पूर्वार्धात चित्रपटाचा गुण सांगितला आहे, उत्तरार्धात पाहणाऱ्याचे सामर्थ्य. आणि मधल्या ‘पण’ने दोहोंना जोडले असले तरी एकाने दुसऱ्यास खोडलेले नाही. हेच विधान एखाद्या परीक्षणात आले असते तर त्याचे दीर्घ समर्थन करावे लागले असते. घरात ते कोणी मागत नाही, कारण वाक्यात विसंगती आहे असे कोणाला वाटतच नाही. ही सहजता कोठून येते याचा थोडा शोध भाषेच्या घडणीत घेता येतो.

‘मी चित्रपट पाहिला’ या वाक्यात पाहणारा हा कर्ता आहे. संच लावणे, समोर बसणे, डोळे उघडे ठेवणे ही कामे त्याने केली आहेत. पण पुढच्याच वाक्यात, ‘मला आवडला’ असे म्हणताना, तो कर्तेपणावरून खाली उतरतो. आवडण्याची क्रिया आता चित्रपटाकडे जाते आणि माणूस चतुर्थीत जाऊन बसतो. ‘पटला’, ‘रुचला’, ‘भावला’, ‘खटकला’, ‘कळला नाही’, आणि अलीकडचे ‘झेपला नाही’, ही सर्व क्रियापदे याच वळणाची आहेत. हसू, रडू, कंटाळा यांचेही तसेच. माणूस ती करीत नाही. जसा पाहुणा येतो किंवा ताप येतो तशी ती त्याला ‘येतात’. हे वैशिष्ट्य मराठीचे एकटीचे नव्हे. कॉलिन मसिका यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘डिफायनिंग अ लिंग्विस्टिक एरिया’ या ग्रंथात भारतीय भाषाक्षेत्राच्या सामाईक लक्षणांत या चतुर्थ्यन्त अनुभवकर्त्याचा समावेश केला आहे, आणि हिंदी, कानडी, तमिळ या भाषांतही तो भेटतो. इंग्रजीत मात्र आवडणारा माणूस कर्ता म्हणूनच राहतो. आवडणे हे जणू त्याचे कर्तृत्व असते.

व्याकरणाच्या घडणीवरून बोलणाऱ्याचे तत्त्वज्ञान काढणे धोक्याचे आहे, आणि या मोहाला बळी पडलेले लेखन थोडे नाही. ‘मला’ म्हणणारा मराठी माणूस ‘आय’ म्हणणाऱ्यापेक्षा नम्र असतो, असे मुळीच म्हणता येणार नाही. एवढेच म्हणता येते की, गुण आणि अनुभव यांचे कप्पे भाषेने आधीच वेगळे करून ठेवले आहेत, आणि घरात बोलणारा माणूस त्या सोयीचा पुरेपूर उपयोग करतो. परीक्षण लिहावयास बसलेला माणूस मात्र हळूहळू चतुर्थी टाकून देतो. ‘मला कंटाळा आला’ याचे तो ‘चित्रपट कंटाळवाणा आहे’ असे करतो. ज्याला कंटाळा आला तो माणूस वाक्यातून नाहीसा होतो आणि कंटाळा हा चित्रपटाचा, जणू त्याच्या लांबीसारखा मोजण्याजोगा, धर्म होऊन बसतो. मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथानंतर मराठी समीक्षेला कलाकृतीच्या रचनेकडे व लयीकडे पाहण्याची जी शिस्त लागली ती मोलाची होती. पण रचनेचे नाव घेऊन स्वतःच्या अनुभवाचेच वर्णन करण्याची पळवाटही त्या शिस्तीच्या आडोशाने उघडली गेली. घरगुती अभिप्रायाला ही पळवाट लागत नाही.

उरला तिसरा कप्पा, ‘बघवला नाही’ याचा. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून (१९११) शालेय पुस्तकांपर्यंत ‘करवते’, ‘चालवते’, ‘बसवते’ अशा रूपांना शक्य क्रियापदे म्हणतात. आजारी माणसाला आता बसवते, म्हणजे बसण्याची शक्ती त्याच्या अंगी आली. ही रूपे मराठीत होकारापेक्षा नकारात अधिक वावरतात : जेववत नाही, ऐकवत नाही, बघवत नाही. यांत इच्छेचा प्रश्न नसतो. ‘मी बघितला नाही’ यात निर्णय आहे, ‘मला आवडला नाही’ यात रुची आहे, आणि ‘मला बघवला नाही’ यात शरीर आहे. जे सोसले नाही ते सोसले नाही, त्यावर वाद नाही. अडचण एवढीच की हे रूप दोन टोकांना सारखेच चालते. अत्यंत भिकार चित्रपटही बघवत नाही आणि अत्यंत प्रखर चित्रपटही बघवत नाही. पहिल्या प्रसंगी ते मागून हसत म्हटले जाते. दुसऱ्या प्रसंगी हसणे नसते, बहुधा काही वेळ बोलणेही नसते. लेखनात हा सूर उतरत नाही, म्हणूनच की काय हे क्रियापद परीक्षणांत फारसे आढळत नाही.

भाषेइतकेच स्थळाला महत्त्व आहे. अभिनवगुप्तांनी ‘अभिनवभारती’त रसप्रतीतीची सात विघ्ने सांगितली आहेत. एरवी साहित्यशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत पाठांतरापुरती उरलेली ही यादी, दूरचित्रवाणी संचासमोर बसलेल्या कुटुंबाकडे पाहिले की एकदम जिवंत होते. पहिले विघ्न संभावनाविरहाचे, म्हणजे दाखविले ते शक्य कोटीतले न वाटण्याचे. घरात त्याला ‘पटत नाही’ म्हणतात. दुसरे, जे दिसते ते स्वतःचे किंवा परक्याचे अशा ठराविक नात्याने पाहण्याचे. त्याचे घरगुती नाव ‘आपल्यातलं’ किंवा ‘आपल्यातलं नाही’ असे आहे, आणि त्याकडे पुढे वळावे लागेल. तिसरे विघ्न निजसुखादिविवशीभावाचे. प्रेक्षक स्वतःच्या सुखदुःखात इतका गुरफटलेला असतो की समोरच्या सुखदुःखाला त्याच्या मनात जागाच राहत नाही. त्यावर नाट्यगृहात उपाय केलेला असतो : गीत, वाद्य, रंगमंडपाची शोभा. चित्रपटगृहाने त्यात काळोखाची आणि, हेही मान्य केले पाहिजे, तिकिटाच्या पैशाची भर घातली. घर हे तर या तिसऱ्या विघ्नाचे माहेरच. कुकरची शिट्टी, विजेचे बिल, उद्याची परीक्षा, दारावरची घंटा ही सारी प्रेक्षकाबरोबर त्याच सोफ्यावर बसलेली असतात. तेव्हा घरातल्या अभिप्रायाला ‘अर्धवट पाहून दिलेले मत’ म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. पण आज बहुसंख्य चित्रपट बहुसंख्य माणसांना याच अवस्थेत भेटतात. अर्धवट पाहणे हीच जर पाहण्याची रूढ रीत झाली असेल, तर तिचेही शास्त्र पाहिले पाहिजे.

या रीतीला आता पन्नास वर्षांवर काळ लोटला आहे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतरच्या बदलांचा इतिहास दोन क्रियापदांत सांगता येण्यासारखा आहे. चित्रपट पूर्वी ‘लागत’ असे. चित्रपटगृहातही लागे आणि पुढे संचावरही लागे. ‘आज टीव्हीवर काय लागलंय?’ हा प्रश्न पाऊस लागला, भूक लागली, झाडाला फळ लागले याच जातीचा होता. जे लागले ते बघावयाचे. १९८७ च्या जानेवारीत ‘रामायण’ मालिका सुरू झाली तेव्हा तर रविवारी सकाळी संचाला हार घालण्यापर्यंत मजल गेली, आणि दर्शन म्हणून जे पाहिले जाते त्याविषयी ‘आवडले’ किंवा ‘आवडले नाही’ हे शब्द गैरलागू ठरतात. तीच मालिका २०२० च्या टाळेबंदीत पुन्हा दाखविण्यात आली, तेव्हा मात्र हवेत एकमेकांवर आदळणाऱ्या बाणांविषयी घरोघरी मते होती. मधल्या काळात ‘लागणे’ मागे पडून ‘लावणे’ आले होते. व्हिडिओ कॅसेटने त्याची सुरुवात केली, उपग्रह वाहिन्यांनी आणि दूरनियंत्रकाने ते घरोघर नेले, आणि मागणीनुसार चित्रपट पुरविणाऱ्या सेवांनी ते पूर्ण केले. ‘काय लागलंय?’ याच्या जागी ‘काय लावायचं?’ आले, आणि त्यासरशी अभिप्रायाच्या सभेत एक आरोपीही उभा राहिला : ‘हा कोणी लावला?’

मालिकांच्या बाबतीत हाच फरक शेवटाशी दिसतो. ‘चार दिवस सासूचे’ ही ईटीव्ही मराठीवरील मालिका २००१ पासून २०१३ पर्यंत चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. असली मालिका एक दिवस ‘संपली’, म्हणजे तिची ती संपली. प्रेक्षक त्या घटनेचा साक्षीदार होता, कारण नव्हता. तिच्याविषयीची टीकाही स्वयंपाकघरातून आलेली असे : कथानक ‘ताणले’, ‘पाणी घातले’. आज एखादी मालिका दोन रात्रींत ‘संपवली’ असे सांगितले जाते, जसे ताटातले संपवावे किंवा हातातले काम संपवावे. ‘बघून टाकली’ हे तर त्याहून पुढचे. ‘टाकणे’ या सहाय्यक क्रियापदाने क्रिया उरकून मोकळे होण्याचा जो भाव येतो, तो एखाद्या कलाकृतीच्या आस्वादाला लावला जात आहे याचे कोणाला नवल वाटत नाही. हे पुष्कळदा खऱ्या आनंदानेही म्हटले जाते, ही गोष्ट येथे नोंदविणे न्यायाचे होईल.

या सर्वांत कान आणि डोळा यांचे नाते फार महत्त्वाचे ठरते. जॉन एलिस यांनी ‘व्हिजिबल फिक्शन्स’ (१९८२) या ग्रंथात चित्रपटगृहातील एकाग्र नजर आणि घरातील ओझरता दृष्टिक्षेप असा भेद केला, आणि घरी लक्ष धरून ठेवण्याचे काम ध्वनी करतो हेही दाखविले. मराठी दैनंदिन मालिका या निरीक्षणाचा नमुनाच होय. तीत पात्रे एकमेकांना वारंवार नावाने हाक मारतात, मनातले विचार मोठ्याने बोलतात, धक्का बसला की मागे वाद्ये कडाडतात. हे ओंगळ आहे असे समीक्षक म्हणतो, आणि ते आहेही. पण भाजी निवडणाऱ्या, पोळ्या लाटणाऱ्या, पाठ करून बसलेल्या श्रोत्यासाठी ते बांधलेले आहे; ती मुळात ऐकण्याची कला आहे, चित्रे तिला तोंडी लावण्यापुरती. अशा कानाने घडलेला प्रेक्षक जेव्हा डोळ्यावर भिस्त ठेवणाऱ्या चित्रपटासमोर येतो, तेव्हा काय होते?

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) हा त्यासाठी उत्तम कसोटीचा चित्रपट आहे. नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहिराने गायिलेल्या गाण्यामुळे एका गटारसफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप त्याच्यावर ठेवला जातो आणि खटला चालतो. चालतो म्हणजे रेंगाळतो. कॅमेरा बहुधा दूर आणि स्थिर. न्यायाधीश टंकलेखनासाठी मजकूर सांगतो आहे, सरकारी वकील कलमे वाचते आहे, मराठी, हिंदी, इंग्रजी, गुजराती अशा भाषांची ये-जा आहे, आणि कोणाचा चेहरा महत्त्वाचा ते चित्रपट सांगत नाही. व्हेनिसच्या महोत्सवात आणि पुढे राष्ट्रीय पुरस्कारांत गौरविलेल्या या चित्रपटाविषयी घरात हमखास निघणारे वाक्य म्हणजे ‘काही घडतच नाही’. या वाक्याला अरसिकतेचा पुरावा मानण्याची घाई केली जाते. त्यातील ‘च’ मात्र दुर्लक्षिला जातो. ‘काही घडत नाही’ हे नुसते वर्णन आहे; ‘घडतच नाही’ यात अपेक्षा आहे, वाट पाहणे आहे, आणि वाट पाहण्याचा शीण आहे. असे म्हणणारा माणूस चित्रपटातील आरोपीच्या नात्यावाइकाइतकाच न्यायालयाच्या बाकावर बसून कंटाळला आहे. चित्रपटाला जे साधावयाचे होते ते साधले आहे. फक्त त्याला यश म्हणावे हे त्या प्रेक्षकाला सुचलेले नाही, आणि ते सुचविण्याची तसदी चित्रपटाने घेतलेली नाही.

मात्र घर आणि चित्रपट यांचा खरा खटका उडतो तो शेवटी. न्यायालयाला उन्हाळी सुटी लागते. माणसे पांगतात, दिवे मालवतात, दालन काळोखात बुडते. चित्रपटगृहात हा काळोख दुप्पट असतो, कारण पडद्याच्या काळोखात सभागृहाचा काळोख मिसळतो, आणि प्रेक्षक जागीच राहतो. त्याला उठण्याची आज्ञा देणारे दिवे अजून लागलेले नसतात. घरी मात्र काळा पडदा म्हणजे समाप्ती. कोणी ‘संपला वाटतं’ म्हणून उठतो, कोणी खोलीतला दिवा लावतो. त्यानंतर सुटीवर गेलेल्या न्यायाधीशाचा जो भाग येतो तो अशा रीतीने उभ्याने, दिव्याच्या उजेडात, पुढच्या कामाकडे निघता निघता पाहिला जातो. बागेत बाकावर पेंगणाऱ्या न्यायाधीशाला मुले दचकवतात, तो त्यांतील एकाला चापट मारतो आणि पुन्हा पेंगू लागतो. साऱ्या चित्रपटातला एकमेव तडकाफडकी निवाडा तोच. दिवा लागलेल्या खोलीत त्याचा अभिप्राय ‘ते शेवटचं उगाच जोडलंय’ असा होतो. हा अभिप्राय चुकीचा आहे, यात शंका नाही. परंतु चूक सर्वस्वी प्रेक्षकाची नव्हे. हा शेवट ज्या काळोखावर उभा आहे तो चित्रपटाच्या मालकीचा नव्हता. तो चित्रपटगृहाकडून उसना घेतलेला होता, आणि घरात येताना तो बाहेरच राहिला. याच दिग्दर्शकाच्या ‘द डिसायपल’ला (२०२०) भारतीय प्रेक्षक प्रामुख्याने घरीच भेटला, आणि तेथे रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावरून मंदगतीने जाणाऱ्या मोटारसायकलीवर, दिवंगत गायिकेचा ध्वनिमुद्रित आवाज एकसारखा ऐकू येत राहतो. डोळा चुकला तरी कान धरलेला आहे. हे हेतुतः झाले असो वा नसो, ती दृश्ये घरातही ढळत नाहीत.

‘बघवला नाही’ या क्रियापदाचे दुसरे टोक नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’मध्ये (२०१६) सापडते. या चित्रपटाची घरगुती कीर्ती मोठी विचित्र आहे. पूर्वार्ध पुनःपुन्हा पाहिला जातो. गाण्यांसाठी तो कोठूनही लावला जातो. आर्ची आणि परशा हैदराबादला पोचल्यानंतरचा भाग ‘ओढलाय’ असे म्हटले जाते, आणि शेवट ‘बघवत नाही’ म्हणून संच बंद केला जातो. म्हणजे घराने या चित्रपटाचे तीन तुकडे केले आहेत आणि प्रत्येकाला स्वतंत्र क्रियापद बहाल केले आहे. हे खंडन अन्यायाचे आहे. हैदराबादच्या वस्तीतील तो संथ, कटकटीचा, संशयाचा संसार नसेल तर पूर्वार्धाची गाणी ही केवळ गाणी राहतात आणि शेवट हा केवळ धक्का राहतो; प्रेमाचे कर्तव्यात रूपांतर होण्यास जो वेळ लागतो तो चित्रपटाने प्रेक्षकाकडून खराखुरा वसूल केला आहे. येथे ‘ओढलाय’ म्हणणारा चुकतो, आणि मालिकांसाठी घडवलेला शब्द नको तेथे वापरल्यामुळे चुकतो. मालिकेत वेळ घातलेला असतो पाण्यासारखा. येथे तो घातला आहे पिठासारखा.

शेवटाविषयीचा अभिप्राय मात्र छापील परीक्षणांतील बऱ्याच विशेषणांपेक्षा अचूक आहे. शेजारणीबरोबर बाहेर गेलेले मूल घरात परत येते, आईबापांची प्रेते पाहते, आणि रडत बाहेर चालू लागते. फरशीवर रक्ताची इवली पावले उमटत जातात आणि सारा आवाज थांबलेला असतो. दृश्य ऐकण्याचा मार्ग दिग्दर्शकाने बंद केला आहे. पाठमोऱ्या श्रोत्यालाही वळून पाहावे लागते, कारण अचानक शांतता हीच घरातली सर्वांत मोठी हाक असते. ज्याला पाहावे लागते त्यालाच ‘बघवत नाही’ असे म्हणता येते. कानाने मालिका पाहणाऱ्या माणसाला या एका क्षणी चित्रपटाने प्रेक्षक बनविले, आणि त्याने शक्य क्रियापदाच्या नकाराने त्याची पोच दिली.

येथवर घरगुती अभिप्रायाची बाजू घेता आली. दुसऱ्या विघ्नाशी, ‘आपल्यातलं’ या शब्दाशी, आल्यावर ती तितक्या निःशंकपणे घेता येत नाही. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद आहे. ‘आम्ही’त ऐकणारा वगळला जातो, ‘आपण’मध्ये तो सामावला जातो. अल्फा मराठीवर २००१ साली सुरू झालेल्या ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ या मालिकेविषयी ‘अगदी आपल्या घरातलं’ हा अभिप्राय इतका रूढ झाला की तो तिच्या गुणांचे दुसरे नावच बनला. दिलीप प्रभावळकरांचे आजोबा, त्यांची रोजनिशी, लहानसहान कुरबुरी आणि त्यांचा रात्रीपर्यंत होणारा निकाल, हे सारे खरोखरच प्रसन्न होते. पण ‘आपल्या’ या शब्दाने त्या प्रसन्नतेला जी व्याप्ती दिली ती तपासून घ्यावयास हवी. घरात बसलेल्या माणसाने घरातल्याच माणसाला उद्देशून म्हटलेला ‘आपण’ हा व्याकरणाने समावेशक असतो. पण तो कोणाला समाविष्ट करतो हे भिंतींनी आधीच ठरविलेले असते. त्या भिंतींबाहेर टिपऱ्यांचे घर कोणाला ‘त्यांच्यातलं’ वाटले असेल याची वार्ता त्या ‘आपण’ला नसते. आणि ‘कोर्ट’मधील सरकारी वकील कुटुंबासह जे नाटक पाहावयास जाते, परप्रांतीयाला हुसकावणारे आणि टाळ्या घेणारे, त्याच्या प्रेक्षकांनाही ते ‘आपल्यातलं’च वाटत असणार.

मंजुळे यांच्या ‘फँड्री’ने (२०१३) हा ‘आपण’ अडचणीत आणला. शीर्षकापासूनच. ‘फँड्री’ हा द्राविडी कुळातील कैकाडी भाषेतला डुकरासाठीचा शब्द. मराठी चित्रपटाचे नाव मराठी श्रोत्याला विचारून घ्यावे लागले. जब्याचे कुटुंब गावासाठी डुकरे पकडते. त्याच्या शाळेतली मुले आणि गावकरी कडेला उभे राहून ते पाहतात, हसतात, खिजवतात. म्हणजे पडद्यावर बराच वेळ एक प्रेक्षकवर्गच आहे, मजेत बसलेला, शेरे मारणारा. आणि त्याचे शेरे ज्या मोकळेपणाने मारले जातात तो मोकळेपणा घरातल्या प्रेक्षकाच्या ओळखीचा आहे. आंतरजातीय क्रौर्याची चर्चा करणाऱ्या परीक्षणांनी या आरशाकडे म्हणावे तसे लक्ष दिले नाही. घरात मात्र ते जाणवते, कारण त्या दृश्यात घरातले शेरे बंद पडतात. जो अभिप्राय एरवी दृश्याबरोबर अखंड चाललेला असतो, ‘अरे पळ’, ‘आता हा पकडला जाणार’, तो गावकऱ्यांच्या तोंडी आधीच गेलेला असतो.

शेवटी जब्या दगड उचलून भिरकावतो. दगड कॅमेऱ्याच्या दिशेने येतो आणि चित्रपट तेथेच संपतो. चित्रपटगृहात तो पडद्यावर येतो. घरी तो संचाच्या काचेवर येतो, आणि काचेच्या अलीकडे दिवाणखाना असतो. काही सेकंदांत त्या काचेवर पुढच्या चित्रपटाचे चित्र उमटते, आणि ते लावावयाचे की नाही यावर बोलणे सुरू होते. तत्पूर्वी एखाद्या घरात एखादे लहान मूल विचारते, ‘दगड कुणाला मारला?’ प्रश्नातले ‘कुणाला’ आणि ‘मला आवडला’ यातले ‘मला’ यांचा प्रत्यय एकच आहे. उत्तर बहुधा ‘त्याला’, म्हणजे खिजवणाऱ्या त्या मुलाला, किंवा ‘गावातल्या लोकांना’ असे दिले जाते. व्याकरणात तिसरेही रूप उपलब्ध आहे, ‘आपल्याला’. ते फार थोड्या घरांत उच्चारले जाते.